सहांवर दोन

दादा जुनी शिलाई मशिनं विकत घ्यायचा, खोलून तेलपाणी करायचा आणि विकायचा. दुकानात शिरताच पाटी दिसे : ‘नफा पंचवीस टक्के. जास्त घेतला तर जोडा मारा.’ आमचा दादा म्हणजे सरळ माणूस, खोटं बोलायची वेळ आली तर त्याला तापच भरेल, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे.

त्याचा हिशेब तोंडी. खरेदीचे तीन भाग करायचे, त्यात तेवढाच चौथा मिळवायचा, झाली विक्रीची किंमत. सहाशेचं मशीन आठशेला. आठशेचा पाव दोनशे, म्हणजे पंचवीस टक्के! ही रीत त्याच्या उस्तादाने शिकवलेली, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायची सोय नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ती शंका घेतली. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात हे म्हणाले, “दादा, हे तर तेहेतीस टक्के झाले.” दादाचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे मी चोर?” माझं तर डोकंच फिरलं. माझ्या भावाला चोर म्हणतात म्हणजे काय! तिथल्या तिथे मी ह्यांना माफी मागायला लावली. ह्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. त्यानंतर दुकानाची पायरी कधी चढले नाहीत.

परवा दादाच्या सुनेने पावत्या करायला घेतल्या. मी शेजारीच बसले होते. ती म्हणाली, “बाबा, टक्के चुकताहेत.” दादाने आधी कॅल्क्युलेटरला शिव्या घातल्या. मग तिने टेबलावर शर्टाची सहा बटणं मांडली. “एकेक बटण शंभराचं. हे तुम्ही घातलेले सहाशे.” बाजूला आणखी दोन ठेवली. “हा नफा. सहा घातले, त्यावर दोन मिळाले. घातलेल्याचा कितवा हिस्सा?”

“तिसरा,” दादा म्हणाला. तीस वर्षं हाच हिशेब! “अगं, मी विक्रीवर मोजत होतो,” तो माझ्याकडे बघून पुटपुटला. “कुणाकुणाचे किती परत करू आता?”

घरी आले ती तडक ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“अहो, तेव्हा तुमचं बरोबर होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग माफी कशाला मागितलीत?”

“तू मागायला लावलीस म्हणून.” ह्यांनी चष्मा काढला. “वाटलं होतं, घरी आल्यावर तरी एकदा आकडे मांडून बघशील.”