लाल दोऱ्यांचा टॉवेल

दानेश्वरीचे अप्पा, शिवपुत्र, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतात. जेवढा माल तेवढी मजुरी. सुट्टीत तीही त्यांच्या मागांवर उभी राहायची. धागा तुटला की गाठ मारायची आणि माग लगेच सुरू करायचा. का तुटला, हे विचारायला तिथे कुणाला सवड नसते.

वस्त्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला तिची जर्मनीत एका सत्रासाठी निवड झाली. शेजारच्या मागावरचे गुरुसिद्धप्पा म्हणाले, "टावेल शिकायला जर्मनीला? सोलापुरात काय टावेल संपले व्हय?"

या निवडीची अट अप्पांनाही ठाऊक होती. तिथले गुण मिळाले नाहीत, तर सोलापूरचं कॉलेज ते सत्र धरणार नव्हतं. पोरीचं वर्ष जाणार होतं.

तिकडच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने स्वतः एक टॉवेल विणून द्यायचा होता. दानेश्वरीने सगळ्यांच्या आधी दिला. एक दोष नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला. "धागे किती ठिकाणी तुटले?"

"तुटले तिथे गाठ मारली."

"का तुटले?"

दानेश्वरी टॉवेलावरच्या गाठी चाचपू लागली.

"कापड चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण अभ्यास नाही. सत्र संपण्याआधी पुन्हा करून आण. नाहीतर नापास."

रविवारी तिने अप्पांना व्हिडिओ कॉल लावून बाईंचा प्रश्न सांगितला. अप्पा बोलतात मोठ्यानं. मागाजवळ उभं राहून कान गेलेत.

"माग थांबला की मजुरी थांबते, हे तुमीच शिकवलं ना, अप्पा?"

"व्हय. पण तितं तुझी मजुरी कोण कापतंय?"

"कुणी न्हाय."

"मग थांबव की."

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळा उघडायच्या आधी ती दारात उभी असायची. दिवसा माग इतरांना लागे, म्हणून सकाळचा वेळ तेवढा तिचा. आता धागा तुटला की ती हात मागे घ्यायची. आधी बघायची. मग गाठ, आणि त्या गाठीलाच एक लाल दोरा. हात शिवशिवायचे. उभा माग बघणं तिला जड जात होतं.

टॉवेल उतरवला तेव्हा लाल दोरे बहुतेक डावीकडेच होते. तिने सूत बदललं, ताण बदलला. तरी डावीकडेच. पण इतके दिवस गाठी मारून बोटांना एक फरक कळायला लागला होता. उजवीकडचा धागा मऊ लागायचा, डावीकडचा कोरडा, खरखरीत. तिने मान वर केली. डाव्या भिंतीला हीटर होता.

उन्हाळ्यात अप्पांच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात, ते तिला आठवलं. ते कशासाठी, हे तिने कधी विचारलं नव्हतं; आता कळलं, कोरड्या हवेत सूत तुटतं.

परवानगी घेऊन तिने हीटर बंद केला आणि अंगात कोट घालून विणत राहिली. डावीकडचं तुटणं जवळजवळ थांबलं. एवढ्यावर तिने काम उरकलं नाही. हीटर पुन्हा लावला आणि पुन्हा विणलं. लाल दोरे परत आले. मग पुन्हा बंद. आपली खात्री पटली तेव्हाच ती बाईंकडे गेली.

बाईंनी सगळे तुकडे टेबलावर ओळीने मांडले. एकेक उलटून पाहिला. मग लाल दोऱ्यांचा टॉवेल उचलला आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगला.

"हा इथेच राहील," म्हणाल्या.

निकालात त्या विषयाला वर्गातले सगळ्यात जास्त गुण दानेश्वरीला होते. निकाल बघितला तिथूनच तिने अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. सोलापुरात पाळी ऐन भरात होती. पडद्यावर अप्पांचं तोंड आणि मागांचा खडखडाट. ऐकू जाणार नाही, म्हणून शेडमधल्यासारखं ओठ मोठे करून ती म्हणाली, "पास. पहिली."

अप्पांनी हात पुढे करून एक माग बंद केला. मग दुसरा. त्यांच्या बाजूचा आवाज उतरला. धागा तुटला नव्हता, आडव्या धाग्याची कांडी संपली नव्हती. भर पाळीत, कारण नसताना अप्पांनी माग बंद केलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

गुरुसिद्धप्पा धावत आले. "काय तुटलं रे?"

"काय न्हाय. पोरगी पहिली आली."

गुरुसिद्धप्पांनी फोनमध्ये डोकं घातलं. "काय शिकलीस गं एवढं?"

"माग थांबवायला, काका."

"ते तर आमची लाईट रोज फुकट शिकवतीया."

दानेश्वरी हसली. अप्पा हसले नाहीत. उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं, मागाकडे पाहिलं, पण बटण दाबलं नाही.

"सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. पहिल्यापासून."