खऱ्या कुस्तीची हलगी

तासगावाकडच्या कुस्त्यांच्या मैदानात हलगी वाजवणारा एक माणूस मला दरवर्षी भेटतो. तोंडात कायम पान, त्यामुळं त्याचं निम्मं बोलणं आतच राहतं. दोन पैलवान आधीच ठरवून लुटुपुटूचं लढायला लागले, की तो हलगी खाली ठेवतो. कमिटीवाले ओरडतात, "वाजीव की गड्या!"

"त्यास्नी लढू द्या की आदी," तो म्हणतो.

यंदा मोठ्या बक्षिसाची कुस्ती अशीच निघाली. लोक शिव्या देत उठले. माझ्या धाकट्या बहिणीची कुस्ती कमिटीनं शेवटाला ठेवलेली. गावात पोरींची पहिलीच कुस्ती, आणि मैदान रिकामं होत चाललेलं.

तसा हा हलगी कडाडवत वाटेत आडवा उभा राहिला. "आवं, घरला कुटं निघालाय? खरी कुस्ती तर आता हाय!"

माणसं हसली, मागं फिरली. बहिणीनं पाटणच्या पोरीला चितपट केलं, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

पाटणची पोरगी डोळे पुसत निघाली, तर हा तिच्यापुढं गेला. "रडतीस कशाला? तू लढलीस म्हणून तर मजा आली."

मग दोघींना मागं घेऊन त्यानं हलगीच्या ठेक्यात सगळ्या मैदानाला फेरी मारली. फेटे हवेत उडत होते.