पिशवीतलं कणीस

ज्वारीच्या ताटांची सोयरीक जुळवण्यात उभा जन्म घालवणारा गृहस्थ अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो आमच्या मावशीच्या वाट्याला आला. काका शहराबाहेरच्या सरकारी शेतावर कमी पाण्यात पिकणारी ज्वारी शोधत होते. परका पराग लागू नये म्हणून ते कणसांवर कागदी पिशव्या चढवत. स्वतःच्या टकलावर टोपी घालायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. थोरलीला स्थळ आलं तेव्हा मावशीनं मुलाची नोकरी विचारली, काकांनी विचारलं, "पाण्यावाचून किती तग धरता?" मुलगा मोहोळचा. "सवय हाय की," म्हणाला. लग्न तिथंच ठरलं. मावशी मात्र पहिलं कणीस देव्हाऱ्यात ठेवल्याशिवाय कुणाला हुरडा चाखू देत नसे. काका म्हणत, "देवाला बियाणं पायजे तर त्यानं रीतसर अर्ज करावा."

बहात्तरच्या दुष्काळात शेतावरच्या सगळ्या ओळी करपल्या, एक तेवढी दाण्यानं भरली. काका दुसरं काही बोलेनासे झाले. नेमक्या तेव्हाच विहीणबाई गोतावळ्यासह हुरड्याला आल्या. काकांनी त्यांच्यासाठी विहिरीजवळची चार ताटं राखली होती. मग ते ती ओळ दाखवायला शेतावरच्या साहेबांना आणायला गेले. परत येऊन पाहतात तो ओळ मोकळी, आणि आगटीवर हुरडा भाजतोय.

"पिशव्या घालून जपलंय म्हंजे पावण्यांसाठीच की!" विहीणबाई म्हणाल्या. "विहिरीजवळचं तसंच हाय, कुणी हात लावला न्हाय."

मुलीच्या सासूला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. काका आगटीशी जाऊन बसले. कुणीतरी त्यांच्या तळहातावर हुरडा ठेवला. त्यांनी तो सावकाश चावला, "गोड हाय," म्हणाले आणि डोळे पुसले. धूर फार होता.

संध्याकाळी मावशीनं त्यांना देव्हाऱ्यापुढं नेलं. विहीणबाईंनी हात घालण्याआधी तिनं त्याच ओळीतून देवासाठी काढलेलं पहिलं कणीस तिथं होतं, पिशवीसकट.

"दाणं कवळं हायत," काका पुटपुटले. "उगवतील का?"

"त्यालाच इचारा."

काकांनी जन्मात पहिल्यांदा हात जोडले. देवाला की कणसाला, ते मी विचारलं नाही. त्यातलं थोडं उगवलं, आणि तेवढ्यावर त्यांनी पुन्हा सगळा संसार मांडला.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या वाणाची भाकरी पानात आली की मला त्यांची फार आठवण येते. मावशी अजून दर साली पहिलं कणीस देव्हाऱ्यात ठेवते, वर कागदी पिशवी चढवून. परवा मी म्हटलं, "मावशी, आता पिशवी कशाला?"

"पावणं कवा बी येत्यात की," ती म्हणाली, आणि पिशवी जरा नीट केली.