पाग उघडेना

पाग हातानं नाही, कंबरेनं फेकायचा, हे मला बाबांनी शिकवलं. पाग म्हणजे खाडीत टाकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. दोरीचा फास डाव्या मनगटात, अर्धं जाळं खांद्यावर आणि कडेची एक गोळी दातांत. गिरकी घेऊन जाळं सोडायचं आणि त्याच क्षणी तोंड उघडायचं. उशीर झाला की दात गेलाच म्हणून समजा. भावाला चिखलात पाय घालायचा नव्हता, म्हणून ही विद्या माझ्या वाट्याला आली.

यंदा पावसाळा सरला आणि गास गावाच्या खाडीच्या बांधावरून बाबांचा पाग उघडेनासा झाला. एरवी अंगणभर पसरणारं जाळं ओल्या गोधडीसारखं धपकन एका जागी पडायचं. "शिसं कमी पडतंय," ते म्हणाले. मी दर रविवारी माणिकपूरच्या फ्लॅटवरून यायची आणि ओट्यावर बसून गोळ्या ओवायची. मग त्यांनी दोरीला दोष दिला. दोरीही बदलली. चहाचा कप त्यांच्या हातून दोनदा निसटला, तेव्हा "म्हातारे झालात हो," म्हणून मी चिडवलं. तेही हसले, जरा वाकडंच.

त्या रविवारी सकाळी आम्ही बांधावर पोचलो तेव्हा भरती लागली होती.

"पानी चढतंय. एकच टाकतो, मग जाऊ," बाबा म्हणाले.

दातांत धरताना गोळी दोनदा ओठातून घसरली. मी ते पाहिलं. त्यांनी गिरकी घेतली. जाळं सुटलं, तोंड काही उघडलं नाही. मीच जड करून ठेवलेल्या त्या जाळ्यानं त्यांना बांधाखाली ओढलं.

मी मागोमाग उतरले. पाणी मांडीला लागत होतं, मनगटातला फास आवळला होता. "बाबा, तोंड उघडा!" मी ओरडत होते. ते माझ्याकडे नुसते बघत होते. अर्धा चेहरा खाली ओघळला होता. शेवटी बोटं घालून दात उघडले आणि त्यांच्याच कंबरेच्या कोयत्यानं दोरी कापली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हाताची ताकद कधीपासून कमी वाटत होती?"

"महिना झाला असेल."

"मग महिनाभर काय करत होतात?"

"जाळं दुरुस्त करत होतो," मी म्हणाले.