इन्क्युबेटरचं दार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संपादकांना नाही, घरीही नाही. तुम्हाला सांगतो — बातमी लिहावी तसं, घडलं तेवढंच.

पनवेलच्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवून हृदयाचा तुकडा तयार केला होता. नखाएवढा. आणि तो स्वतःहून धडधडत होता! सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि वहीत एक अक्षर लिहायचं सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत असं कितीदा झालं असेल?

त्या पेशींना रोज ताजा द्रव घालायच्या ओवे गावच्या मदतनीस रंजनाताई. त्या त्याला 'पोरांचं जेवण' म्हणत. तुकडा पुन्हा इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून त्या डबा खायला निघाल्या. "दाराला हात नका लावू हा, दादा. पोरांना थंडी सोसत नाय."

त्या परत आल्या, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला — हालचाल नाही. प्रयोगशाळेचे डॉक्टर भडकले. "दार नीट लावलं नव्हतंस ना?" ताई म्हणाल्या, "लावलेला, सर." मग थांबल्या. "लावलेला वाटतं."

मी तिथेच उभा होतो. ताईंचं उत्तर वहीत लिहून घेतलं.

दार मी उघडलं होतं. फोटोसाठी. आतल्या काचेवर वाफ होती, ती जाईपर्यंत उघडंच ठेवलं — बारा मिनिटं. मग लावून टाकलं. घड्याळ माझ्याच हातात होतं.

तुकडा परत उबेत गेला. अर्ध्या तासाने पाहिलं, तर एका कडेला बारीकसं थरथरलं. मग सगळा तुकडा, एका ठेक्यात. "चालू झाला! सर, चालू झाला!" ताई ओरडल्या. रागावलेले डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो, आणि — हे खोटं नाही — आनंदाने. ताई मला म्हणाल्या, "तुमचा पायगुण, दादा!"

त्याच दिवशी मी बातमीत लिहिलं : 'मदतनीसाकडून दार उघडे राहिल्याने ठोके काही काळ थांबले.' ऐकीव नव्हतं ते. मला खरं माहीत होतं, तरी लिहिलं.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. रंजनाताई आता नव्या मुलींना शिकवतात. खोलीत नवे सहा तुकडे धडधडत होते. ताई हसत सांगत होत्या, "दार दोनदा बघायचा, गो. माज्याकडून एकदा उगडा रायला. पेपरात पन आलता!"

आता त्यांना ते खरंच वाटतं.

मुली हसल्या. मीही हसलो.