भिंतीपलीकडचं भाडं

जुनी पुस्तकं बांधून देणाऱ्या त्या माणसाला सारी गल्ली डिंक्या म्हणायची. त्याची खोली एकच. दिवसभर तिच्यात पुस्तकं वाळत, आणि अंधार पडला की ती भिंतीशी सरकवून नवराबायको अंग टाकत.

भिंतीपलीकडे तशीच खोली, तेवढीच खिडकी, तसंच गळकं छत. तिथं बटणवाली मावशी एकटी राही. शिवलेल्या सदऱ्यांना बटणं लावून देई.

एकदा मावशी तापानं पडली. भाड्याचे पैसे तिनं डिंक्याच्या बायकोजवळ दिले, वर मालकाकडे पोचवायला. बायको जिना उतरून आली आणि दारातच टेकली.

"काय झालं?" डिंक्यानं विचारलं.

"मावशीचं भाडं आपल्या निम्मं आहे."

बांधणीची यंत्रं आल्यापासून हातचं काम उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं आटत चाललं होतं. भाडं उतरलं नाही तर खोली सुटणार, आणि खोली सुटली की धंदाही सुटणार, हे त्याला लख्ख दिसत होतं.

कायद्याची पुस्तकं बांधायला देणारा एक वकील ओळखीचा होता. तो म्हणाला, "शेजारणीचं कमी, एवढ्यावर तुझं कमी होत नाही बाबा. तिचा करार वेगळा, तुझा वेगळा. मालकाशी गोडीनं बोल. नाही ऐकलं तर भाडं ठरवून द्या म्हणून कोर्टात अर्ज कर, पण तोवर भाडं थांबवू नकोस, नाहीतर तोच तुला बाहेर काढेल. ते नको असेल तर दुसरी खोली बघ."

"म्हणजे रडायला तीन कोपरे दिलेत," डिंक्या म्हणाला.

तो मालकाकडे गेला. मालक रागावला नाही. "तुलाही निम्म्यात देतो की," म्हणत त्यानं आतलं दार लोटलं.

आत मालकाचा बाप पडला होता. अंगावरून वारं गेलेला, थोराड देहाचा. रोज पहाटे मावशी त्याला पुसायची, कूस बदलायची, खालचं सगळं काढायची.

"भाड्यातच धरलंय ते. पण आता तिला एकटीला उचलत नाही. तुझी बायको येऊ दे जोडीला."

डिंक्या तसाच मावशीच्या दारात गेला. "कधी बोलली नाहीस, मावशी."

"काय बोलू? सख्ख्या नवऱ्याचं एवढं केलं नाही मी."

घरी त्यानं बायकोला सांगितलं आणि वर म्हणाला, "मीच जातो."

"आणि बांधणी कोण करणार? शिवाय तुमचे हात असले चिकट, म्हातारा सोडायचा नाही तुम्हाला." ती हसली. तो हसला नाही. "अर्ज करू," म्हणाला.

"करा. निकाल लागेपर्यंत भाडं कुठनं आणणार?"



दुसऱ्या पहाटे दोघी जिना चढल्या. वरून खाट करकरली, मावशीचा आवाज आला, "धर गं, खांद्याखाली धर," आणि मग म्हाताऱ्याचं लांब कण्हणं. डिंक्या सुईत दोरा ओवून नुसता बसून राहिला.

ती परत आली. कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

"काही विचारू नका," म्हणाली.

त्यानं ओवलेल्या सुईनं पहिला टाका घातला.