बिअर न आवडणाऱ्या जाऊबाईंची बरणी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना बिअर आवडत नाही. एकदाच त्यांनी घोटभर घेतली होती. तो घोट तोंडात धरून त्या शेडच्या बाहेर गेल्या, बांधावर थुंकल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "पेंढा भिजत घातल्याचं पाणी हाय हे. ह्याच्यासाठी तुमी वर्षभर वाट बघता?"

त्यावर सगळ्यात जास्त हसले ते माझे मोठे दीर, म्हणजे त्यांचे यजमान.

पोशीरला आमची भातशेती आहे. शेताच्या कडेला पत्र्याची शेड आहे आणि श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी, गटारीला, घरचे सगळे दुपारी तिथे जमतात. शेडमध्ये अशासाठी की सासूबाईंच्या घरात बाटली उंबऱ्याच्या आत येत नाही. सासऱ्यांच्या पिण्यापायी त्यांनी बरंच सोसलं, त्यानंतरचा हा नियम. तो कुणी मोडलेला नाही. पूर्वी पुरुष शेडमध्ये बसायचे आणि आम्ही बायका घरातून पातेली पोचवायचो. बायकांनीही तिथेच बसून जेवायचं, हे मोठ्या दिरांनी सुरू केलं. बिअर थुंकल्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ताईंसाठी, म्हणजे या जाऊबाईंसाठी, गोड वाइनची बाटली आणली. ताईंनी ती स्टीलच्या फुलपात्रातून घेतली आणि आम्हा सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. माझी सगळ्यात चांगली झाली होती.

मोठे दीर मोहोपाड्याला कंपनीत होते, तिथेच कॉलनीत राहायचे. ते अचानक गेले, हृदयविकाराने. ताई कॉलनीतली खोली सोडून पोशीरला सासूबाईंजवळ आल्या. पुढच्या दोन्ही गटारींना त्यांनी मटण केलं, भाकऱ्या थापल्या, पातेली शेडपर्यंत आणून दिली आणि मागे फिरल्या. "तुमी बसा," एवढंच बोलल्या. आग्रह केला की त्यांचं डोकं दुखायचं. सासूबाई त्यांना जा म्हणत नव्हत्या आणि नकोही म्हणत नव्हत्या. विधवा सून शेडमध्ये बसली तर गाव काय म्हणेल, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही. न बोललेलंही ताईंना ऐकू येत असणार.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की या गटारीला ताई शेडमध्ये बसल्या पाहिजेत.

"त्यात काय, गोड वाइनची बाटली आणतो मी," माझा नवरा म्हणाला.

"आणशील, आणि त्या म्हणतील, माझ्यासाठी कशाला खर्च केला. बाटली तशीच परत येईल."

ताईंचा स्वभाव मला माहीत होता. त्या आयती आणलेली वस्तू घेत नाहीत. पण ज्याला त्यांचे स्वतःचे हात लागलेत, ते त्या वाया जाऊ देत नाहीत. उरलेल्या भाताचे सांडगे घालणारी बाई आहे ती. तेव्हा वाइन घरी करायची आणि त्यांनाच करायला लावायची, असं मी ठरवलं.

मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लॅबमधली एक मैत्रीण वसईची आहे, तिच्या घरी नाताळसाठी वाइन करतात. तिच्याकडून मी पद्धत लिहून घेतली आणि आधी दहिवलीला आमच्या फ्लॅटमध्ये करवंदांवर प्रयोग करून बघितला. करवंदांचा रस, साखर आणि यीस्ट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं. लॅबमध्ये सगळ्या बाटल्या घट्ट बंद करायची सवय. चौथ्या दिवशी बाटली फुटली. नवऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाला मारलंस?" मैत्रीण म्हणाली, अगं, त्यातून वायू निघतो, त्याला वाट नको का? वरती नुसतं फडकं बांधायचं. मी तेही लिहून घेतलं.

जूनमध्ये कर्जतला पुलाजवळ डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका जांभळं घेऊन बसतात. तिथून चार किलो घेतली, उकळत्या पाण्याने धुतलेली काचेची मोठी बरणी गाडीत टाकली आणि पोशीरला गेले.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"वाइन. मला करायची आहे. आमच्या फ्लॅटमध्ये फार गरम होतं, इथे कोठीच्या खोलीत ठेवते. रोज ढवळायला लागेल. तेवढं कराल का?"

"आईंना काय सांगशील?"

"जांभळाचं सरबत."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि जांभळं कुस्करायला बसल्या. आमचे चारही हात कोपरापर्यंत जांभळे झाले. सासूबाई दोनदा तिथून गेल्या. तिसऱ्यांदा थांबून म्हणाल्या, "सरबताला गहू कशाला गं?"

यीस्टला मूठभर गहू घालतात. मी म्हटलं, "दाटपणा येतो."

"बरं," असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्यानंतर एक गोष्ट झाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. ताईंचे फोन यायला लागले. दोन वर्षांत त्यांनी आपणहून मला फोन केला नव्हता. आता सकाळी मी रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत असताना फोन वाजायचा.

"फसफसतंय गं. कान लावला तर बोलतं."

"ढवळा."

"ढवळलं. कोरड्या डावाने. मला शिकवू नको."

आणखी काही दिवसांनी, "गप झालंय. मेलं का काय?"

"मेलं नाही. झालं त्याचं काम. रविवारी येते, गाळू."

रविवारी मी गेले. गाळलेला रस मुरवायला दुसरी बरणी हवी होती. सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची एक बरणी रिकामी होती. मी ती उकळत्या पाण्याने तीनदा धुतली आणि चुलीशेजारी पालथी घातली. निर्जंतुक करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यात मी कुणाला हात लावू देत नाही. मग आम्ही दोघी जेवलो, अंगणात बसून फडक्यातून रस गाळला आणि कोठीच्या खोलीत नेऊन बरणीत ओतला. खोलीत हिंगाचा वास होता. पण त्या खोलीत वर्षभर लोणची असतात, तिथे हिंगाचा वास नसता तरच मी थांबले असते.

गटारीच्या रविवारी शेडमध्ये नवरा, दोन चुलत दीर आणि त्यांच्या बायका जमल्या होत्या. लावणी आटपली होती, सगळे मोकळे होते. ताईंनी पातेली आणून दिली आणि नेहमीसारख्या परत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग घरी गेले, कोठीतून बरणी स्वयंपाकघरात आणली, फडकं सोडलं आणि एक पळी चाखली.

पहिल्यांदा जांभूळ लागलं, छान तुरट. मग हिंग आला आणि त्यानंतर नुसता हिंगच राहिला.

"ताई, हे फुकट गेलं," मी म्हटलं. दोन महिन्यांची खटपट. मला खरंच राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

ताईंनी माझ्या हातातून पळी घेतली. चाखली. मग म्हणाल्या, "फक्त मोहरी तडतडवायची राहिली."

सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "धुरी मी दिली."

आमच्याकडे लोणचं भरायच्या आधी निखाऱ्यावर हिंग टाकतात आणि त्या धुरावर बरणी पालथी घालतात. म्हणजे आतलं नासत नाही. आम्ही जेवत होतो तेव्हा त्यांनी माझी धुतलेली बरणी निखाऱ्यावर धरली होती.

"आई, सरबताला कशाला धुरी?"

"सरबत." त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "मी दारवा बगितल्यात गं, तुझ्या जन्माच्या आदी. मला वासावरून कळतं. पण तीन आठवडं ही पोर रोज त्या बरणीपाशी जाते, कान लावते, ढवळते. नासलं असतं तर पुन्ना आतल्या खोलीत जाऊन बसली असती. मंग दिली धुरी."

ताई बरणीकडे बघत राहिल्या. उंबऱ्याच्या आत कधी बाटली येऊ न देणाऱ्या बाईने स्वतःच्या लोणच्याच्या बरणीत वाइन टिकावी म्हणून निखारा फुलवला होता. माझा राग कुठे गेला, मला आठवत नाही.

"काळं मीठ कुठाय?" ताईंनी एकदम विचारलं. त्यांनी बरणीतलं पातेल्यात काढलं, त्यात साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किसलेल्या आल्याचा रस घातला. चाखलं, आणखी साखर घातली. हिंगाला सोबत मिळाली आणि तो गुमान बसला. जलजिऱ्याने कधी जांभळाशी लग्न केलं असतं तर असं काहीतरी झालं असतं.

"आई, मी जाऊ का शेडवर?" ताईंनी विचारलं.

"इचारतेस काय? लोकं जेवाय बसतील. आनि ते पातेलं रिकामं आन, मला घासायचं हाय."

ताईंनी पातेलं उचललं. बांधावरून त्या पुढे आणि मी फुलपात्रं घेऊन मागे. शेडमध्ये चुलत दिरांनी सरकून चटईवर जागा केली. नवऱ्याने एक फुलपात्र घेतलं, घोट घेतला, भुवया वर केल्या.

"वहिनी, ह्यात काय हाय?"

"पिताय ना? मंग प्या. कडू पान्यापेक्षा बरं हाय," ताई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. त्या दिवशी नकला केल्या नाहीत. जेवल्या मात्र आमच्यात बसून, दोनदा मटण घेऊन, आणि पातेलं खरंच रिकामं परत गेलं.

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही. मानले तर सासूबाई विचारतील, बरी आहेस ना? म्हणून त्यानंतर पोशीरला गेले तेव्हा चांगल्यातल्या हिंगाची एक डबी घेऊन गेले. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबी फळीवर, चुलीच्या बाजूला ठेवली.

"ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या. "आता करवंदं कदी येतील?"